येतं त्यानं पेन्सिल धरायची नाही

सरांनी मला तीन वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मलाच असं नाही, कुणालाच नाही. हजेरी घेताना ते वहीतली नावं वाचत, पण तेवढंच. एरवी वर्गात आम्ही सगळे आमच्या गावांच्या नावानं ओळखले जायचो. "निडी, खिडकी लाव." "खांब, फळ्याकडे बघ, रस्त्यावर काय बस थांबलीय का?" निडीच्या दोघी होत्या, त्या निडी थोरली आणि निडी धाकटी झाल्या. माझं गाव पेणच्या बाजूला, खाडीला लागून. गावाचं नाव सांगितलं तर सर म्हणाले, "एवढं लांबडं नाव मी रोज घेणार नाय. तू खाडी." तेव्हापासून मी खाडी.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आई-वडील मिठागरात कामाला. दिवाळीनंतर काम सुरू झालं की आम्ही मुलंही त्यांच्याबरोबर जायचो, आणि जूनमध्ये शाळेत परत यायचो तेव्हा मागच्या वर्षीचं निम्मं विसरलेलं असायचं. आठवीला मावशीनं मला रोह्याला आणलं. ती एका कंपनीत पॅकिंगला होती. तिनं आणलं नसतं तर मी आज आमच्या घरातली पहिली पदवीधर नसते, हे मी तिला दरवर्षी सांगते आणि ती दरवर्षी मला गप्प बस म्हणते.

सर पेणला राहायचे आणि रोज रेल्वेच्या गाडीनं रोह्याला यायचे. वह्या ते गाडीतच तपासत. त्यांची बरोबरची खूण कधीकधी अर्ध्या पानापर्यंत ओढली गेलेली असायची. तिथं गाडीला धक्का बसलेला असायचा. कासूच्या आधी कुठं आणि नागोठण्याच्या पुढं कुठं धक्के बसतात हे आम्हाला त्या खुणांवरून कळायला लागलं होतं. त्यांचं बोलणंही त्या गाडीतूनच आलेलं. उत्तर चुकलं तर ते चूक असं कधी म्हणाले नाहीत. पेणहून सुटलेली गाडी कासू, नागोठणं, निडी अशी स्टेशनं घेत रोह्याला पोचायची असते, तसं गणितही. थोडंसंच जमलं असेल तर म्हणायचे, "कासूला उतरलास की रे." अर्धं जमलं तर नागोठणं. शेवटच्या पायरीला चुकलं तर निडी. आणि उत्तर बरोबर आलं की फक्त, "रोहा." त्यापुढं शाबासकी वगैरे काही नाही. पण त्यांच्या तोंडून तो एक शब्द ऐकायला आम्ही जीव टाकायचो.

तास सुरू झाला की ते आधी वर्गातली खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवायला लावत. नवीन मुलांना वाटायचं, बाहेर कुणी पाहुणे बसणार आहेत. मी एकदा धीर करून कारण विचारलं. ते म्हणाले, "खुर्ची दिसली की मी बसतो. बसलो की बोलतो. मी बोललो की तुम्ही झोपता." पावसाळ्यात खुर्ची भिजायची म्हणून शिपाईमामा त्यांच्यावर वैतागलेले असायचे. मग मामांनी फुटक्या पायाची एक जुनी खुर्ची खास सरांसाठी वर्गात आणून ठेवली, बाहेर टाकायला.

आता त्यांच्या गटांबद्दल. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाचे गट पाडले, पाच-पाच जणांचे. आम्ही आपोआप जसे बसलो होतो ते त्यांनी आधी नीट पाहून घेतलं. रोह्यातली मुलं पुढं, भातशेतीच्या गावांतून एसटीनं येणारी मधे, आणि माझ्यासारखी कुठूनतरी येऊन नातेवाइकांकडे राहणारी भिंतीला. ते सगळं त्यांनी मोडलं. आमच्या गटात मी, खांब, वरसे आणि निडीच्या दोघी. खांब म्हणजे हायवेवरच्या खांब गावची मुलगी, वडील भात आणि वाल लावायचे. वरसे हा रोह्याला लागूनच्या वरसे गावचा, कंपनीतल्या साहेबांचा मुलगा, वर्गात पहिला.

प्रत्येक गटाला एकच पेन्सिल. बाकीच्या दप्तरात. आणि नियम एकच: येतं त्यानं पेन्सिल धरायची नाही. ज्याला गणित येत नाही त्याच्याच हातात पेन्सिल. ज्याला येतं त्यानं हात मागं बांधायचे आणि फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर सांगायचं नाही, बोटानं दाखवायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत. भुवयांचा नियम वरसेमुळे आला. त्याच्या भुवया फार बोलक्या होत्या.

आठवीचं जवळजवळ पूर्ण वर्ष पेन्सिल माझ्याकडे होती. पाच जणांत सगळ्यात कमी येणारी मी, हे रोज सगळ्यांसमोर हातात धरून बसायचं. पहिला महिना मी रडायचीच बाकी होते. त्यात माझी बोली, 'मला'ला 'मना' म्हणणारी. एकदा वरसेनं काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मना नाय समजला." शेजारचा सगळा गट हसला. दिवसभर मग येता-जाता "मना, मना" सुरू झालं. सर त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तासाला आले आणि पुढच्या बाकाला म्हणाले, "मना खडू दे." मग, "मना जरा पाणी आण रे." आठवडाभर त्यांचं हे चाललं, चेहरा अगदी साधा ठेवून. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. आठवडा संपेपर्यंत त्या गटातली मुलं गंमत म्हणून का होईना, पण स्वतःच "मना दे, मना दे" म्हणायला लागली होती. सर मग आपले पहिल्यासारखे बोलायला लागले.

वरसे प्रश्न विचारायचा तेव्हा सुरुवातीला फार घाई करायचा. त्याला हात मागं बांधून बसायचा त्रास व्हायचा, आणि तो त्रास मला दिसायचा. पण त्यालाही हळूहळू यायला लागलं. "तू दोन्हीकडून काय काढलंस?" असं तो शांतपणे विचारायचा आणि मी स्वतःच थांबायचे. नववीत एक दिवस उत्तर आलं आणि वरसेनं माझ्या हातातली पेन्सिल काढून खांबच्या हातात दिली. म्हणाला, "तुझं झालं. आता तू हात बांध." मला त्या दिवशी घरी जाऊन मावशीला सांगायला शब्द सापडेनात. तिला एवढंच कळलं की माझ्याकडची पेन्सिल काढून घेतली आणि मी खूश आहे. तिनं ताट वाढता वाढता विचारलं, "डोक्याव पडलीस काय गो?"

त्यानंतर पेन्सिल बहुतेक खांबकडेच राहिली. खांबला गणिताची भीतीच होती, आणि तिच्या भीतीला कारण होतं. तिची मोठी बहीण दहावीला गणितात राहिली होती. राहिली आणि शाळा सुटली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. वडील वाईट नव्हते. पण त्यांनी खांबला सांगून ठेवलं होतं की दुसऱ्यांदा बसवणार नाय, पास होऊन निघालीस तर पुढं शिक. हे तिनं एसटी स्टँडवर, तिची बस येईपर्यंत मी सोबत थांबायचे तेव्हा, मला सांगितलं होतं, आवळा खाता खाता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतेय.

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांच्या गटांची चर्चा सुरू झाली. वरसेची आई मुख्याध्यापिका बाईंना भेटायला आली. आज विचार करते तेव्हा वरसेच्या आईचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माझा मुलगा शाळेत शिकायला येतो, दुसऱ्यांना शिकवायला नाही. हात मागं बांधून बसण्यात त्याचा रोज अर्धा तास जातो, आणि हे दहावीचं वर्ष आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी चांगले मार्क पडणाऱ्या पाच जणांना ऑफिसात बोलावलं, एकेकाला. नववीच्या शेवटी माझे मार्क वर आले होते, त्यामुळे त्या पाचांत मी होते. मला त्याचाच इतका आनंद झाला होता की मी वेणी पुन्हा घालून गेले. आत बाई होत्या, आणि कोपऱ्यात कपाटाला टेकून सर उभे होते. ते असतील हे मला माहीत नव्हतं.

बाईंनी विचारलं, "खरं सांग. गटात बसल्यामुळं तुझा वेळ जातो का?"

मला खांब आठवायला हवी होती. मला आठवला तो हुशार मुलांचा अ गट. वेगळा होणार असं सगळे म्हणत होते, त्याला डिजिटल बोर्डाची खोली मिळणार होती. मी खाली बघून म्हणाले, "व्हय बाई. जातो."

मग कोपऱ्यातून सर हळू आवाजात म्हणाले, "रोहा."

मी वर बघितलं नाही. टोमणा होता का ते मला कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस मी तो शब्द परत परत ऐकत होते आणि मला टोमणा सापडत नव्हता.

आठवड्याभरात वर्गाचे अ, ब, क झाले. अ गटाला दुसरे शिक्षक मिळाले. सर मुख्याध्यापिका बाईंना म्हणाले, मला क द्या, आणि त्यांना क मिळाला.

खोटं कशाला लिहू, मला अ गट आवडला. भराभर पुढं जायचं. प्रत्येकाची स्वतःची पेन्सिल. वर्गात इतकी शांतता की पंख्याचा आवाज यायचा. काही दिवसांनी लक्षात आलं की इथं सगळे वहीवर कोपर ठेवून लिहितात. माझं एखादं गणित अडलं तर मी ते न अडल्यासारखं उतरवून घ्यायचे. विचारायचं कुणाला? विचारलं तर आपण अ मधले नाही असं वाटेल. वरसे माझ्या पुढच्या बाकावर होता. त्यानंही महिनाभर मला काही विचारलं नाही, आणि मी त्याला.

खांब माझ्याशी भांडली नाही. स्टँडवर ती दुसऱ्या बाकड्यावर बसायला लागली, एवढंच.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक दिवस मधल्या सुट्टीत सर अ च्या खोलीत आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "क गटाला पाच माणसं पाहिजेत. शाळा सुटल्यावर पाऊण तास. जायलाच पाहिजे असं नाय. तुमचं नुकसान होणार. किती होईल ते मला सांगता येत नाय." मग जरा थांबले. "मागच्या खेपेला मी तुम्हाला विचारलं नव्हतं. तुमचा वेळ मी परस्पर वाटत होतो. ती माझी चूक होती. म्हणून या खेपेला विचारायला आलोय."

कुणाचाच हात वर गेला नाही. माझाही नाही. सर बरं म्हणाले आणि गेले, रागावल्यासारखे मुळीच नाही.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू नको जाव गो. तुझा बघ आधी. तुझी आय तिकडं उन्हात उभी हाय." तिचंही बरोबर होतं. त्या दिवसांत मला सगळ्यांचंच बरोबर वाटायचं आणि झोप लागायची नाही.

आठ-दहा दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी स्टँडवर खांब मांडीवर वही ठेवून बसलेली दिसली. दीपगृहाचं गणित होतं. दीपगृहावरून माणूस जहाजाकडे बघतो, कोन दिलेला असतो, अंतर काढायचं. तिनं आकृती काढून खोडली होती, परत काढून परत खोडली होती, कागद तिथं फाटायला आला होता. मी जवळ गेले तशी तिनं वही मिटली.

मी म्हटलं, "अगो, दाखव तरी."

"कशाला? तुझा वेळ जाईल."

ऑफिसातली गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती तर. तिची बस लागली. ती चढताना वळून म्हणाली, "तू ये असं मी सांगणार नाय. सरांनी पण सांगितलं नाय. कोण सांगणार नाय तुला." आणि बस गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी क च्या खोलीत गेले. व्हरांड्यात ती फुटक्या पायाची खुर्ची होती. आत सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस. हात मागं." मी त्यांना काहीतरी सांगायची तयारी करून आले होते, माफी वगैरे. त्याची वेळच आली नाही.

खांबच्या हातात पेन्सिल होती आणि समोर तेच दीपगृह. तिनं कोन चुकीच्या जागी दाखवला होता, मनोऱ्याला चिकटून. मी म्हटलं, "कोन आडव्या रेषेपासून मोजायचा असतो ना?" सर मागून म्हणाले, "खाडी, हा प्रश्न नाय. हे उत्तर आहे, तू त्याला शेपटी लावलीस." क गट हसला. खांब हसली नाही. मी परत विचार केला आणि विचारलं, "तो माणूस जहाज दिसायच्या आधी कुठं बघत असंल?"

खांबनं पेन्सिल उचलली, समोर बघितलं, आणि मनोऱ्याच्या टोकातून एक आडवी रेष काढली. मग कोन बरोबर जागी आला. मला आत कुठंतरी जुनं सुख झालं. मी म्हटलं, "आता तोच कोन खाली जहाजापाशी तेवढाच धरायचा." हे पुन्हा उत्तरच होतं, पण सर काही म्हणाले नाहीत.

खांबनं विचारलं, "तेवढाच का?"

अ गटात मी अशी दहा-बारा गणितं सोडवली होती. वरचा कोन खाली तेवढाच, हे मी पाठ केलं होतं. का, ते मला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

सरांनी खांबच्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोर ठेवली. सगळ्या क गटासमोर. मग खांबला म्हणाले, "तू हात बांध."

मी आकृतीकडे बघत बसले. खांबनं बराच वेळ काही विचारलं नाही, आणि मला वाटलं ती आता माझा सूड घेणार. पण ती विचार करत होती. मग म्हणाली, "वरची रेष आडवी. खालचं पाणी पण आडवं. आमच्या शेताला असे दोन बांध हायत. एका बांधावरून दुसऱ्या बांधाला तिरकी पायवाट जाते. तू त्या वाटेनं गेलीस तर निघताना वाकडी किती होशील, आणि पोचताना किती?"

मी रेषा लांब ओढून पाहिल्या. समांतर रेषा, त्यांना छेदणारी एक, आणि दोन सारखे कोन. आठवीत शिकलो होतो आम्ही ते. पेन्सिल माझ्याच हातात होती तेव्हा.

"रोहा," सर म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

स्टँडवर त्या दिवशी आम्ही एकाच बाकड्यावर बसलो. मी तिला म्हटलं, ऑफिसात मी तसं बोलले हे खरं आहे. ती म्हणाली, माहीत हाय. मग तिच्या दप्तरातून भाजलेल्या शेंगा निघाल्या आणि बस येईपर्यंत आम्ही त्या फोडत बसलो.

मी रोज जायला लागले. पूर्वपरीक्षेच्या जरा आधी वरसेही दारात दिसायला लागला. पहिल्या दिवशी म्हणाला, पाण्याची बाटली विसरलो. दुसऱ्या दिवशीही बाटलीच. तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "आईला विचारलंस?" तो नाही म्हणाला. "मग विचारून ये. न विचारता मी आता कुणाचं काय घेत नाय." तो आईची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत एकच ओळ होती: फक्त अर्धा तास. सरांनी ती आपल्या टाचणवहीत डिंकानं चिकटवली, आणि अर्धा तास झाला की घड्याळ बघून वरसेला खरोखर उठवायचे. तो नाराज होऊन जायचा. सर पाऊण तास झाल्यावर निघायचे. त्यांची गाडी गेलेली असायची, मग ते एसटीनं पेणला जायचे आणि वह्या तपासायच्या राहिल्या अशी दुसऱ्या दिवशी आमच्याकडेच तक्रार करायचे.

निकाल लागला. खांबला गणितात त्रेचाळीस पडले. तिच्या वडिलांनी खांब गावातून रोह्याला फोन केला तो मावशीच्या मोबाइलवर, आणि मला वाटतं पाच मिनिटं ते फक्त हां, हां, निघाली, निघाली एवढंच म्हणत होते. मला अठ्ठ्याऐंशी. अ गटातल्या बाकीच्यांना नव्वदच्या वर, वरसेला सत्त्याण्णव.

गुणपत्रिका घ्यायला गेलो त्या दिवशी सर व्हरांड्यात उभे होते. क च्या मुलांचे निकाल त्यांनी आधीच बघितले होते. त्यांनी माझी गुणपत्रिका हातात घेतली आणि बोट गणिताच्या ओळीवर ठेवलं.

"यातले पाच-सात मी घेतले तुझे," ते म्हणाले.

मी तीन वर्षांत त्यांचं बोलणं कधी खोडलं नव्हतं.

"घेतले नाय सर," मी म्हटलं. "मी दिले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुणपत्रिकेची घडी घातली, ती माझ्या हातात दिली, आणि विचारलं, "सायन्सला कुठं जाणार, रोह्याला का पेणला?"